टोकावरचे अडीचशे ग्रॅम

8 जून 2025, रविवार

रविवारी ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये, कारखान्यांच्या वस्तीत, कुत्रीसुद्धा उशिरा उठतात. लेथचा गाळा उघडला तो फक्त ताई आणि भाची येणार म्हणून. भाची चौदा वर्षांची, 10 मीटर एअर रायफल मारते. ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील 2022 साली कैरोला विश्वविजेता झाला, त्यानंतर आमच्या नात्यातल्या चार पोरांनी रेंजचे पैसे भरले. तिघं दिवाळीपर्यंत गळाली, ही टिकली.

रायफल जर्मन, सेकंडहँड. तक्रार अशी, की चाळीस शॉट होईपर्यंत सगळं ठीक असतं. मग कंबर भरून येते आणि माशी, म्हणजे नेम धरायची पुढची साइट, आपोआप खाली घसरायला लागते. मॅच साठ शॉटची. रेंजवर शिकवणाऱ्या मॅडम म्हणाल्या, पुढे जड आहे, मामाला दाखव.

पुढे जड असायचं कारण दिसायला वेळ लागला नाही. या रायफलीचं मूळ बॅरल आखूड असतं. त्याच्या पुढे एक पोकळ नळी बसवतात आणि माशी त्या नळीच्या टोकावर. मागची आणि पुढची साइट जेवढी लांब, तेवढी नेमातली चूक डोळ्याला लवकर कळते. छर्रा नळीच्या पोकळीतून नुसता निघून जातो, नळीचा त्याच्याशी काही संबंध नाही. मूळची नळी हरवलेली. आधीच्या मालकाने कुणाकडून तरी माइल्ड स्टीलची करून घेतलीय आणि ती धरायला क्लॅम्पही लोखंडाचाच. बनवणाऱ्याने हाताशी होता तो बार लावला असणार. मीही तेच केलं असतं, खोटं कशाला बोलू.

वजनं घेतली. अख्खी रायफल 4.72 किलो. नियमात 5.5 किलोपर्यंत चालते, तेव्हा अडचण नियमाची नाही, पोरीच्या पाठीची आहे. क्लॅम्प 168 ग्रॅम, नळी 149, स्क्रू 5. एकूण 322.

मग रायफल एका गोल दांड्यावर आडवी तोलली आणि तोल साधला तिथे पेन्सिलने खूण केली. तिथून क्लॅम्प-नळीचा मध्य 520 मिमी. आता तागडीचा हिशेब: 52 सेंटीमीटरवरचे 322 ग्रॅम म्हणजे 10 सेंटीमीटरवर एक किलो 670 ग्रॅम. हा आकडा भाचीला सांगितला तेव्हा तिने आईकडे बघितलं. "बघ. मी उगाच कुरकुरत नव्हते."

11 जून, बुधवार

नळी टेबलावर पडलेली बघून शेजारच्या गाळ्यातला म्हणाला, "सायलेन्सर बनवतोस काय रे? पोलीस येतील." गेल्या तीन दिवसांत हा प्रश्न तिसऱ्यांदा. म्हणून इथे एकदाच लिहून ठेवतो. नळी आरपार पोकळ आहे. आत जाळी, पडदा, काहीही घालायला स्पर्धेच्या नियमातच मनाई आहे. रायफल 4.5 मिमीची, जोर 20 जूलच्या बराच खाली, तेव्हा 2016 च्या आर्म्स रूल्सप्रमाणे परवाना लागत नाही. आणि शिकारीचं म्हणाल तर ती 1972 च्या कायद्याने गेली. पोरगी कागदावरचा ठिपका मारते. दहाचा ठिपका अर्धा मिलिमीटर, मोहरीच्या दाण्याहूनही लहान.

धातूचा विचार. एका घन सेंटीमीटरचं वजन ग्रॅममध्ये: स्टील 7.85, टायटॅनियम 4.43, अ‍ॅल्युमिनियम 2.7. हेच माप जसंच्या तसं अ‍ॅल्युमिनियममध्ये केलं तरी 322 चे 110 होतात. टायटॅनियमचं खूळ एका गिऱ्हाइकाने डोक्यात घालायचा प्रयत्न केला, पण इथे ताकदीचा प्रश्नच नाही. त्या नळीवर माशीखेरीज काही बसत नाही. कार्बन फायबरची ट्यूब हलकी, पण तिला स्क्रूने आवळायचं म्हणजे अंड्याला पकडीत धरण्यासारखं. कपाटात एचई-30 अ‍ॅल्युमिनियमचा 30 मिमी बार पडून आहे, तोच.

15 जून, रविवार

आज फक्त जुनं काढणं. ताईने रायफल हवेचा सिलिंडर काढून आणली होती, तरी बोल्ट उघडून आत रॉड घालून रिकामी असल्याची खात्री केली. गाळ्यात हा नियम मी पहिल्या दिवसापासून पाळतोय. भाचीला त्याचा कंटाळा येतो, येऊ दे.

जुना क्लॅम्प म्हणजे नुसतं कडं आणि तीन बाजूंनी तीन ग्रब स्क्रू, बिनडोक्याचे, टोकाने टोचणारे. सोडवला तर बॅरलवर तीन खळगे. नखाला लागतात असे. गाळ्यातले मिस्त्री बराच वेळ बोट फिरवत राहिले. मग म्हणाले, "बाहेर खळगा आहे, तर आत काय असेल?"

बघायचा मार्ग सोपा आहे. क्लॅम्प परत चढवला, होता तसाच आवळला. बॅरलमध्ये मागून एक छर्रा बसवला आणि पितळी रॉडने हळूहळू पुढे ढकलला. हाताने, हातोडीने नाही. छर्रा शिशाचा, मऊ, त्यामुळे आतल्या वाटेची प्रत्येक गोष्ट तो बोटांना सांगतो. सुरुवातीला जरा जोर, मग लोण्यातून सुरी जावी तसा. टोकापासून साधारण तीन सेंटीमीटर राहिले आणि अडला. फार नाही. पायरी चढताना चप्पल अडते तेवढाच. पुन्हा सैल, पुन्हा अडला, मग बाहेर. भाचीला रॉड दिला, डोळे मिटून ढकल म्हटलं. दोन्ही वेळा तिने बरोबर त्याच जागी "इथे" म्हटलं.

क्लॅम्प सोडून तिसरा छर्रा ढकलला. कुठेही अडला नाही. म्हणजे बॅरल कायमचं बिघडलेलं नाही, फक्त आवळल्यावर दबतंय. हे कळल्यावर प्रकल्पाचा रोखच बदलला. मी वजन कमी करायला बसलो होतो, आणि आता कळतंय की धरायची पद्धतच चुकीची आहे. हलका क्लॅम्प करून तोही तीन टोकांनी टोचणारा केला असता तर पाठ सुटली असती आणि गट, म्हणजे कागदावरचा शॉटचा पुंजका, पसरलेलाच राहिला असता.

22 जून, रविवार

क्लॅम्प. बॅरल टोकाला 14.97 मिमी भरलं. क्लॅम्पचा बोअर, म्हणजे आतलं भोक, 15.02 ठेवला, लांबी 25, बाहेरून 26. पुढे नळी बसायला 8 मिमीचा खांदा. एका बाजूला दीड मिलिमीटरची चीर, स्लिटिंग सॉने. समोरच्या बाजूला आतून उथळ खाच, म्हणजे क्लॅम्प बिजागरीसारखा मिटतो आणि कडकडून न चावता सगळीकडून सारखा धरतो. दोन एम-4 अ‍ॅलन स्क्रू. अ‍ॅल्युमिनियममध्ये आटे व्यासाच्या दुपटीइतके खोल पाहिजेत, म्हणून 8 मिमी. त्याहून कमी केले तर चौथ्यांदा उघडताना आटेच स्क्रूबरोबर बाहेर येतात. गाळ्यातल्या जुन्या जिगवर ही अद्दल घडलेली आहे.

मिस्त्रींची शंका: स्टीलवर अ‍ॅल्युमिनियम, उन्हाळ्यात फुगून सुटणार नाही का? वहीवर मांडून दाखवलं. एसी रेंजचे 22 अंश आणि बाहेरचे 34, फरक 12 अंशांचा. 15 मिमी व्यासावर दोन धातूंच्या फुगण्यातला फरक जेमतेम 2 मायक्रॉन. ते "बरं" म्हणाले. पटलं म्हणून की चहा आला म्हणून, ते कळलं नाही.

स्क्रू 2 न्यूटन-मीटरवर आवळून छर्रा ढकलला. कुठेही पायरी नाही. मुद्दाम 4 वर नेला, तेव्हा किंचित जाणवली. पुन्हा 2 वर. वजन, खांद्यासकट, 27 ग्रॅम. वहीत एवढं ठळक अक्षर बऱ्याच दिवसांत काढलं नव्हतं.

29 जून, रविवार

नळी. लांबी 150. बाहेरून 22, आतून 20, म्हणजे भिंत एक मिलिमीटरची. फक्त पुढचे 22 मिमी जाड ठेवले, कारण तिथे माशी बसवायला 11 मिमीचा डव्हटेल, म्हणजे तिरक्या कडांची रेल, कापायचाय आणि एक मिलिमीटरच्या भिंतीत डव्हटेल कापता येत नाही.

लेथवर शेवटच्या कटला नळी गाऊ लागली. पातळ भिंत घंटेसारखी वाजते आणि पृष्ठभागावर लाटा उठतात. मिस्त्रींनी सागाचा तुकडा गोल करून आत ठोकला, आवाज तिथेच थांबला. ते कारखान्यात शिकले तेव्हा मी बालवाडीत होतो. अशा वेळी ते जाणवतं.

37 ग्रॅम.

3 जुलै, गुरुवार

आज जे केलं ते लिहायला लाज वाटते, पण वही आहे.

दुपारी काम कमी होतं. जॉब सारख्या कोनांत फिरवणारं डिव्हायडिंग हेड लावलं आणि नळीला 8 मिमीची भोकं पाडली. चार रांगा, रांगेत सहा, अशी चोवीस. प्रत्येकाची कड तिरकी घासून चॅम्फर. चार तास गेले. दिसायला इतकी देखणी झाली की मी तिचे फोटो तीन कोनांतून काढले आणि भाचीला पाठवले.

तिने मॅडमना पाठवले. वीस मिनिटांत मॅडमचा फोन. आवाज अगदी शांत. "दादा, काम सुंदर आहे. पण बॅरलला किंवा पुढच्या नळीला भोक चालत नाही. कुठल्याही प्रकारचं नाही. इक्विपमेंट कंट्रोलला पहिल्या टेबलावरच परत पाठवतील." इक्विपमेंट कंट्रोल म्हणजे मॅचआधीची सामानाची तपासणी. आंतरराष्ट्रीय नियमावलीत हे स्पष्ट लिहिलंय. मझल ब्रेकसारखी, म्हणजे तोंडाशी हवा बाजूला सोडून झटका कमी करायची, कुठलीही युक्ती नको म्हणून. मी नियमाचं पुस्तक आधी मागायला हवं होतं. गिऱ्हाइकाचं ड्रॉइंग न बघता जॉब लावणाऱ्या पोराला मी किती बोललो असतो?

रात्री नळी काट्यावर ठेवली. 33.7. म्हणजे चोवीस भोकांनी वाचवले सव्वातीन ग्रॅम. एक भोक म्हणजे 50 चौरस मिलिमीटर, जाडी एक मिलिमीटर, वजन 0.14 ग्रॅम. हे कागदावर आधी केलं असतं तर ड्रिल हातात घेतलंच नसतं. पातळ भिंतीत भोकं पाडून काही मिळत नाही, जे मिळायचं ते भिंत पातळ करतानाच मिळालेलं असतं. भोकं दिसतात म्हणून हलकी वाटतात.

मॅडमकडून बाकीचे नियमही लिहून घेतले. यंत्रणेच्या मागच्या टोकापासून नळीच्या तोंडापर्यंत 850 मिमीच्या आत. माशी नळीच्या तोंडापुढे जाता कामा नये. आपलं माप 842, माशी तोंडापासून 5 मिमी मागे. सुटलो.

6 जुलै, रविवार, आषाढी

साबुदाण्यावर दुसरी नळी. आधीच्यापेक्षा निम्म्या वेळात झाली. तेच माप, भोकं नाहीत. 37 ग्रॅम. भोकांची नळी मिस्त्रींनी पेन ठेवायला मागितली, दिली.

13 जुलै, रविवार

जोडणी. रायफल व्हाइसच्या मऊ जबड्यात, मागच्या रेलवर एक पाणपट्टी, पुढच्या डव्हटेलवर दुसरी. दोन्ही बुडबुडे जुळवले आणि स्क्रू आवळला तर पुढचा बुडबुडा सरकला. चिरेचा क्लॅम्प मिटताना थोडा वळतो. एक स्क्रू पूर्ण आणि मग दुसरा, असं केलं की हमखास. दोन्ही पाव-पाव फेरी आळीपाळीने घेतले तेव्हा जागेवर राहिला. जुळल्यावर क्लॅम्प आणि बॅरलवर मिळून एक बारीक रेघ ओढून ठेवली, पुढच्या वेळी पाणपट्टी नको.

मग डायल, म्हणजे शतांश मिलिमीटर दाखवणारं काट्याचं गेज, लावला. नळीच्या टोकाला डायलचं टोक, शून्यावर. नळीला 500 ग्रॅमचं माप टांगलं, काढलं. काटा शून्यावर यायला हवा. आला 0.04 वर.

चार शतांश म्हणजे काही नाही असं वाटेल. पण दोन साइट्समधलं अंतर 800 मिमी आणि निशाण 10 मीटरवर, म्हणजे साडेबारा पट. टोकाला 0.04 हललं की निशाणावर अर्धा मिलिमीटर. टार्गेटवर एक रिंग अडीच मिलिमीटरची, दशांशाला पाव मिलिमीटर. अर्धा मिलिमीटर म्हणजे 10.4 चा शॉट 10.2. साठ शॉटमध्ये असं कितीदा झालं आणि कुठल्या दिशेला, हे पोरीला कधीच कळणार नाही. ती स्वतःलाच दोष देत बसेल.

चूक कुठे होती? क्लॅम्पच्या खांद्यावर नळी दोन एम-3 स्क्रूंनी धरलेली. स्क्रूच्या भोकात जेवढी फट, तेवढी नळी फिरून बसते. सगळं खोललं, थिनरने पुसलं आणि बेअरिंग बसवायचं लॉकटाइट, म्हणजे धातू चिकटवायचं द्रव, लावून नळी खांद्यावर कायमची बसवली. आता ते दोन भाग एकच. स्क्रू नुसते शोभेला.

14 जुलै, सोमवार

सकाळी पुन्हा डायल. माप टांगलं, काढलं. शून्य. पुन्हा. शून्य. तिसऱ्यांदा मिस्त्रींनी स्वतः टांगलं.

एकूण 69 ग्रॅम. 322 मधून 253 गेले. रायफल 4.47 किलो. गणिताप्रमाणे तोलाचा बिंदू 30 मिमी मागे यायला हवा, दांड्यावर तोलून पाहिला तर 28 आला.

17 जुलै, गुरुवार

काळ्या अ‍ॅनोडायझिंगला, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमवर रसायनात संरक्षक थर चढवायला, दिलं. लॉकटाइटचा जोड रसायनात टिकेल का म्हणून जीव खाली-वर, टिकला. एकच घोळ: बोअर झाकायला सांगितलं होतं, झाकला नाही. थर आतही चढला आणि बोअर घट्ट झाला. दोष निम्मा माझाच, चलनावर लिहिलं नव्हतं, तोंडी सांगितलं होतं. बारीक पॉलिश पेपर लाकडाला गुंडाळून 15.02 परत आणला. ठाण्याच्या पावसाळ्यात घामट हात आणि कच्चं अ‍ॅल्युमिनियम एकत्र आले की महिन्यात पांढरी पावडर धरते, त्यामुळे थर हवाच होता.

20 जुलै, रविवार

रेंज. मी पहिल्यांदाच आत बसलो. मागे खुर्च्यांवर पालक, सगळे श्वास रोखून, आणि आवाज फक्त एअर रायफलींचा, टाळी अर्धवट वाजावी तसा.

अपेक्षा अशी होती की पोरगी उडी मारेल. झालं उलट. पाठ दुखली नाही, साठ शॉट उभी राहिली. पण पहिल्या सिरीजपासून माशी ठिपक्याभोवती नाचत होती. पहिल्या दहात 99.1, नेहमी 101 च्या पुढे असते. शेवटच्या दहात मात्र 98.8, जिथे ती 96 पर्यंत घसरायची. चेहरा पडला होता. "मामा, हलकी झालीये, पण थांबतच नाही रे एका जागी."

मॅडम म्हणाल्या, होतं असं. मी घरी येईपर्यंत त्याच विचारात. तलावपाळीला लहानपणी डोंबारी यायचे. दोरीवर चालणाऱ्या पोरीच्या हातात लांबच लांब काठी असायची. काठी आखूड दिली तर ती पडेल. टोकं लांब असली की काठी लवकर वळत नाही, आणि तेवढ्या वेळात पोरगी सावरते. मी भाचीच्या काठीची टोकंच कापली. 322 ग्रॅम जास्त होते हे खरं. म्हणून 69 बरोबर, हे माझं मीच ठरवलं होतं, तिला न विचारता.

27 जुलै, रविवार

पितळेची तीन कडी. बोअर 15, बाहेरून 28. एक 20 ग्रॅम, एक 40, एक 60. जाडी अनुक्रमे 5.4, 10.7 आणि 16 मिमी. बॅरलवर क्लॅम्पच्या मागे सरकतात. टोचणारा स्क्रू नाही, प्रत्येकाला चीर आणि एक एम-3, हलकेच आवळायचा. आता वजन किती आणि कुठे, हे तिचं तिने बघायचं. मी फक्त एकच अट घातली: एका आठवड्यात एकच बदल, आणि प्रत्येक बदल वहीत.

तिची वही माझ्यापेक्षा नीटनेटकी आहे. रंगीत पेनं वगैरे.

10 ऑगस्ट, रविवार

काल राखीपौर्णिमा, ताईकडे जेवण. भाचीने वही पुढे केली. पहिला आठवडा 60 ग्रॅम, क्लॅम्पला चिकटून: स्थिर, पण पन्नासाव्या शॉटला कंबर. दुसरा आठवडा 40 ग्रॅम, क्लॅम्पपासून 70 मिमी मागे: पहिली सिरीज 101.6, शेवटची 100.9. कंबरेसमोर एक छोटी फुली, म्हणजे दुखली नाही. 20 चं कडं अजून लावलेलंच नाही.

म्हणजे शेवटी 253 मधले 40 मी परत दिले. निव्वळ 213. ताईने विचारलं, मग तेवढ्यासाठी दोन महिने? उत्तर द्यायच्या आत भाचीने पान उलटलं. तिला आता दस्त्याची गालपट्टी दोन मिलिमीटर खाली हवी आहे, आणि त्याचं स्केच तिने मापांसकट काढून ठेवलंय. शेजारी लाल पेनने नियम क्रमांकही.

स्केच घेऊन आलो. चलन फाडलं: कडी, पितळ, नग 3, मूल्य निरंक.